वाचक विचारतात : सल्ला देणारा काय चालवून आलाय?

प्रश्न : काका, मी चार वर्षं सहाचाकी गाडी चालवतोय. पगार महिन्याचा, ठरलेला. लाइनीतले तिघं मला तीन गोष्टी सांगतात. एक टँकरवर आहे. तो म्हणतो, आमच्या कंपनीत ये, मी शब्द टाकतो. दुसऱ्याने गेल्या वर्षी हप्त्यावर स्वतःची गाडी घेतली. तो म्हणतो, दुसऱ्याच्या गाडीवर किती दिवस झिजणार? तिसरा सगळ्यांत जुना. त्याचं म्हणणं, वय आहे तोवर ही लाइनच सोड. तिघंही माझ्या वाईटावर नाहीत. मग कुणाचं खरं मानू?

उत्तर : तिघांचंही ऐक, पण ऐकताना एक फरक करत जा. ड्रायव्हर जे बोलतो त्यात थोडं त्याने स्वतः भोगलेलं असतं आणि थोडं नुसतं त्याला वाटत असतं. भोगलेलं जे आहे तितकी पक्की माहिती तुला कुठल्याच ऑफिसात मिळणार नाही. कुठल्या गोदामात गाडी खाली व्हायला रात्र जाते, कोणता मालक पगार लांबवतो, अपघात झाल्यावर कोण फोन उचलतो आणि कोण बंद करून ठेवतो, हे सीटवरच्या माणसालाच ठाऊक. मी आधी सीटवर होतो, नंतर ट्रान्सपोर्टच्या हिशेबाला बसलो, म्हणून हे ठामपणे सांगतो. पण ‘या धंद्यात पैसा आहे’ किंवा ‘या लाइनीत काही राहिलं नाही’ ही झाली मतं. ती बोलणाऱ्याच्या नशिबावर, मालकावर आणि पुष्कळदा त्या दिवसावर ठरतात. लोडिंगच्या गेटवर सकाळपासून ताटकळलेला माणूस लाइनीला शिव्याच देणार. पगार हातात पडल्यावर त्यालाच पुन्हा विचार. दोन्ही वेळा जे तेच राहील ते धर.

म्हणून ‘मी काय करू?’ असं कुणाला विचारूच नकोस. ‘तू काय केलंस, कधी केलंस, शेवटी हातात काय उरलं?’ असं विचार.

टँकरवाल्यापासून सुरुवात कर. तो खरंच जाणकार आहे का, हे बघायला एकच प्रश्न पुरे : टाकी अर्धी भरलेली असताना जोरात ब्रेक मारला तर काय होतं? ज्याने टँकर चालवलाय तो लगेच सांगेल की गाडी थांबते, पण आतला माल थांबत नाही. लाट पुढे आदळते आणि थांबलेली गाडी पुन्हा पुढे ढकलली जाते. काठोकाठ भरलेल्या टाकीपेक्षा अर्धी टाकी वळणावर जास्त दगा देते, हेही तो सांगेल. दुधाच्या बऱ्याच टाक्यांमध्ये आत आडपडदे नसतात, कारण धुताना त्यांच्या कोपऱ्यांत घाण अडकते. तिथे ही लाट अडवायला काहीच नसतं. हे सगळं न विचारता सांगणारा माणूस तुझ्या जिवाची काळजी करतोय असं समज. फक्त पगाराचा आकडा सांगणाऱ्याकडून अर्धीच माहिती मिळाली. आणि संकोच न करता विचार, ‘मी लागलो तर कंपनी तुला काही देते का?’ नवा ड्रायव्हर आणून देणाऱ्याला बक्षीस देणाऱ्या कंपन्या आहेत. ते घेण्यात काही वाईट नाही आणि घेणारा खोटंच बोलतो असंही नाही. पण तुला ते माहीत असायला हवं.

आता गाडी घेतलेला. त्याच्यासाठी मी जरा जास्त जागा घेतो, कारण या सल्ल्यात माणसं कायमची अडकतात. नव्या गाडीचं पहिलं वर्ष फसवं असतं. टायर कंपनीतून आलेले, दुरुस्ती नाममात्र, विमा गाडी घेतानाच भरलेला. भाडं येतं, डिझेल आणि हप्ता जातो, उरलेलं सगळं नफा वाटतं. खरा हिशेब पूर्ण सेट टायर बदलावे लागतात तेव्हा कळतो. म्हणून त्याला विचार : परतीला किती फेऱ्या रिकाम्या आल्या? माल उतरवायला थांबलेल्या दिवसांचे पैसे कुणी दिले का? टायरसाठी दर महिन्याला काही बाजूला काढतोस का? आणि ड्रायव्हर म्हणून स्वतःचा पगार खर्चात धरलास का? हा शेवटचा प्रश्न बहुतेकांना सुचतच नाही. आधी जो पगार मिळायचा तो वजा केला की कित्येकांचा ‘नफा’ तिथेच संपतो. कंपनीच त्याला गाडी देत असेल आणि भाड्यातून हप्ता कापत असेल, तर जास्त जपून. गाडी तिची, काम देणारी तीच, म्हणजे तिने काम कमी केलं की हप्ता थकतो. अमेरिकेत अशा योजनांची चौकशी करायला सरकारने एक समिती नेमली होती. 2025 च्या जानेवारीत तिने या योजना बंदच कराव्यात अशी शिफारस केली.

कमाईचा आकडा कुणीही सांगितला तरी तो किती तासांत झाला हे विचारल्याशिवाय वहीत लिहू नकोस. ‘दोन रात्री डोळा लावला नाही, म्हणून इथवर आलो’ असं अभिमानाने सांगणारे तुला भेटले असतील. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्या त्या सल्ल्यावर एकही फेरी काढू नकोस. सलग 17 तास जागा असलेला माणूस रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतका मंदावतो, हे 1997 सालीच संशोधनातून पुढे आलं. युरोपात साडेचार तास गाडी चालवल्यावर 45 मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. अमेरिकेत ड्यूटी सुरू झाल्यापासून 14 तासांच्या आत जास्तीत जास्त 11 तास चालवता येतं. भारतात 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ आणि आठवड्याचे 48 तास ठरवले होते; 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. या मर्यादा मोडून झालेली कमाई तुझ्या हिशेबात धरता येणार नाही. तिला तासांनी भाग, मग तुझ्या ठरलेल्या पगाराशी ताडून बघ. कदाचित तुझाच पगार वर निघेल.

जुन्या माणसाचं म्हणणं मला हलकं वाटत नाही. मात्र तो स्वतः लाइन सोडून गेलेला नाही, म्हणजे बाहेर काय आहे हे त्यानेही पाहिलेलं नाही. त्याच्याकडून शरीराचं ऐकून घे : कंबर कधी धरली, डोळे कधी कमी झाले, मुलं किती दिसली. तिथे त्याच्याइतका खरा माणूस नाही. लाइन सोडून कुठे जायचं, हे मात्र सोडून गेलेल्यांना विचार. असे लोक पार्किंगमध्ये भेटत नाहीत, त्यांना शोधावं लागतं. कुणी वर्कशॉपमध्ये असेल, कुणी डिस्पॅचला, कुणी ड्रायव्हिंग शिकवत असेल.

तुझ्या जागी मी टँकरचं आधी बघितलं असतं, कारण त्यात कर्ज नाही आणि जमलं नाही तर परत येता येतं. मालकाची परवानगी मिळाली तर एक फेरी त्याच्याबरोबर बसून जा. धोकादायक माल असेल तर त्याचं वेगळं प्रशिक्षण लागतं, त्याचा खर्च कोण करणार हे लेखी घे. गाडी घ्यायचं तोवर थांबव. तुझ्या त्या मित्राच्या गाडीला नवे टायर पडले की त्याला पुन्हा गाठ आणि वही घेऊन बस.