घरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी पहिलं एअरलाइनर ॲड-ऑन कोणतं घ्यावं?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरवर सेसना १७२ हे छोटं विमान आता बऱ्यापैकी जमतंय, हाताशी साधी जॉयस्टिक आहे, रात्री जेवणं उरकल्यावर दीड-दोन तास मिळतात, पाच-सहा हजार रुपये बाजूला काढलेत आणि मन बोइंग ७७७ या मोठ्या विमानावर बसलंय. तर पहिलं एअरलाइनर ॲड-ऑन, म्हणजे सिम्युलेटरमध्ये वेगळं जोडायचं प्रवासी विमान, म्हणून तेच घ्यावं का, आणि सोबत योक, म्हणजे स्टिअरिंगसारखं हँडल, लागेल का?

७७७ आत्ता नको. पैसेही आत्ता खर्चू नका. फ्लायबायवायर या गटाचं एअरबस ए३२०निओ फुकट मिळतं, ते उतरवून घ्या आणि दोन-तीन महिने दुसऱ्या विमानाकडे बघू नका.

तुमची हौस कळते मला. मोठं ते भारी हा आमच्या कोल्हापूरचा जुना हिशेब आहे, मिरवणुकीत स्पीकरची भिंतसुद्धा त्याच हिशेबाने उभी राहते. पण विमान निवडताना आधी घड्याळ बघावं, असं माझं मत आहे. एअरलाइनरमध्ये शिकण्यासारखं जे आहे ते कॉकपिट तयार करताना, टेकऑफला, खाली यायला सुरुवात करताना आणि लँडिंगला. मधलं क्रूझ, म्हणजे एकाच उंचीवरचं सरळ उड्डाण, ही निव्वळ चहा प्यायची वेळ. ७७७ बनलंय ते मुंबई-लंडनसारख्या नऊ-दहा तासांच्या उड्डाणांसाठी. तुमच्या दोन तासांत त्यातला अर्धा तास तर कॉकपिट मांडण्यातच जाईल. त्यापेक्षा मुंबई-हैदराबाद घ्या. हवेत जेमतेम तासभर, आणि एका बैठकीत सगळ्या पायऱ्या होतात. दुसऱ्या दिवशी परत तेच. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही. तासाभराचं उड्डाण मध्येच गेलं तर नुसती चुटपुट लागते, नऊ तासांचं गेलं तर कॉम्प्युटर विकून टाकावासा वाटतो. ७७७सुद्धा हैदराबादला नेता येतं की, असं म्हणाल. येतं. पण मग ते घेतलं कशाला?

दुसरं कारण तुमची जॉयस्टिक. ए३२०ला खरोखरच साइडस्टिक, म्हणजे बाजूला बसवलेली जॉयस्टिक, असते. स्टिक सोडली की विमान आहे त्या स्थितीत राहतं, ट्रिम, म्हणजे नाक आपोआप वर-खाली जाऊ नये म्हणूनचा समतोल, ते स्वतःच करतं. ऑटोथ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा, चालू असताना खऱ्या विमानातही इंजिनाचे लिव्हर हलत नाहीत, एका खाचेत बसून राहतात. म्हणजे तुमच्या टेबलावर जे दिसतं तेच कॉकपिटात असतं. बोइंग ७३७मध्ये हेच काम करणारा ऑटोथ्रॉटल लिव्हर पुढेमागे हलवतो, आणि तुमचा प्लॅस्टिकचा स्लायडर मात्र भलतीकडेच उभा असतो. ऑटोथ्रॉटल सोडताना ते दोन्ही जुळवून घ्यावे लागतात, आणि तेही ऐन लँडिंगच्या घाईत.

आता ए३२०मध्ये सगळे नवे लोक जिथे अडकतात त्या दोन जागा. पहिली टेकऑफनंतर लगेच येते. जमिनीपासून साधारण दीड हजार फुटांवर समोरच्या स्क्रीनच्या वरच्या पट्टीत ‘एलव्हीआर सीएलबी’ ही अक्षरं लुकलुकू लागतात. लिव्हर मागे ओढून क्लाइंबच्या खाचेत ठेवा, असं विमान सांगतंय. तुम्ही ओढता, तरी अक्षरं लुकलुकतच राहतात, कारण स्लायडरवर ती खाच नेमकी कुठे आहे हे विमानाला कुणी सांगितलेलंच नसतं. मग ऑटोथ्रस्ट काम करत नाही, वेग वाढत जातो, आणि माणूस विमानाला शिव्या घालतो. म्हणून बाकी काहीही करण्याआधी कॉकपिटातला टॅबलेट, म्हणजे फ्लायपॅड, उघडा आणि थ्रॉटल कॅलिब्रेशन करून घ्या, म्हणजे कोणती खाच कुठे ते विमानाला कळतं. तुमच्या स्लायडरला खाचा नसतील तर बाजूला टेपचे बारीक तुकडे चिकटवून खुणा करा. दिसायला गबाळं दिसतं, पण काम चोख होतं.

दुसरी जागा खाली येण्याची. लोकांना वाटतं, वाट तर कॉम्प्युटरला भरून दिली आहे, मग विमान आपणहून उतरायला लागेल. एअरबस तसं करत नाही. उतरायची जागा आली तरी ते सरळ जात राहतं, फार तर ‘डीसेलरेट’ (वेग कमी करा) अशी सूचना देतं. उंचीचा आकडा तुम्ही खाली घ्यायचा आणि बटण दाबायचं. इथेच एअरबसची सगळी गंमत आहे. बटण आत दाबलं की काम विमानाकडे, बाहेर ओढलं की तुमच्याकडे. वेग, दिशा, उंची, तिन्हींना हाच नियम. दाबल्यावर खरंच काय झालं, हे बटणाकडे बघून कळत नाही, वरच्या त्या पट्टीतच वाचावं लागतं. ती पट्टी वाचायची सवय लागली की निम्मं ए३२० आलं म्हणून समजा. कधी उतरायचं याचा तोंडी हिशेबही ठेवा: जितके हजार फूट खाली यायचंय त्याची तिप्पट, तितके नॉटिकल मैल आधी सुरुवात. ३५ हजारांवरून मुंबईला येताना १०५ मैल, आणि वेग कमी करायला वर आठ-दहा.

फुकट आहे म्हणजे खेळणं असेल, असं समजू नका. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेला हा मुक्त स्रोत प्रकल्प आहे, आणि रोजच्या उड्डाणाला लागणारं जवळपास सगळं त्यात आहे. त्याच मंडळींचं ए३८०सुद्धा फुकट आहे, पण ते कॉम्प्युटरला जड जातं, आत्ता त्याच्या वाटेला जाऊ नका. तुमच्या सिम्युलेटरची आवृत्ती २०२०ची आहे की २०२४ची, हे प्रश्नात नाही. आपल्या आवृत्तीला कोणती फाइल लागते ते उतरवण्याआधी त्यांच्या साइटवर पाहून घ्या.

पैसे कधी खर्चायचे? फुकटच्या विमानात नेमकं काय कमी आहे, हे तुम्हाला स्वतःला बोट ठेवून सांगता आलं की. यंत्रणा आणखी खोलात हव्याशा वाटल्या, बिघाड हाताळायचे असले, तर फेनिक्स कंपनीचं विकतचं ए३२० घ्या. तेच विमान, पण निओच्या आधीच्या पिढीचं, आणि शिकलेलं सगळं तिथे उपयोगी पडतं. उलट एअरबस फारच शहाणपणा करतं, मला स्वतः ट्रिम फिरवायचंय, डोक्यावरची बटणं एकेक करून लावायचीत, असं वाटलं तर पीएमडीजी कंपनीचं ७३७. दोन्ही २०२२च्या मे महिन्यात आली, आणि दोन्ही तुमच्या बजेटच्या आसपास बसतात. यात डावं-उजवं करण्यात अर्थ नाही, स्वभावाचा प्रश्न आहे. एक व्यवहाराची गोष्ट: आपल्या कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार बहुधा बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून आधी चालू करा. आणि ॲड-ऑन एकदा उतरवलं की परतावा सहसा मिळत नाही.

आता थोडं आमच्या गावचं. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर एटीआर, हे पंख्यांचं छोटं प्रवासी विमान, उतरताना बघितलं असेल तर तेच उडवावंसं वाटणं साहजिक आहे, आणि मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं एटीआर विकत मिळतंही. मला ते फार आवडतं, पण पहिलं म्हणून सुचवणार नाही, कारण त्याला ऑटोथ्रॉटलच नाही. वेग सतत आपल्या हातात. एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज आणि हवा देणारं छोटं इंजिन, तेही नाही. जमिनीवर असताना उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून थांबवतात आणि इंजिन चालूच ठेवतात, त्यातून वीज आणि हवा मिळते. याला हॉटेल मोड म्हणतात. ए३२० पचल्यावर मात्र जरूर घ्या आणि हैदराबादहून कोल्हापूरला या. आपली धावपट्टी समुद्रसपाटीपासून जवळपास दोन हजार फुटांवर आहे हे लक्षात ठेवा. १७ हजारांवर असाल तर हिशेब १५चा, म्हणजे ४५ मैल.

उड्डाणाचा आराखडा सिमब्रीफ या साइटवर फुकट बनतो आणि थेट फ्लायपॅडमध्ये ओढता येतो. ताजे नकाशे देणाऱ्या नॅव्हिग्राफची वर्गणी लगेच भरू नका. नकाशांची माहिती दर २८ दिवसांनी बदलते हे खरं, पण जुन्या माहितीवर घरी बसून उडवल्याने कुणाचं काही बिघडत नाही. फार तर एखादा पॉइंट विमानाला सापडणार नाही, तो वगळून पुढे जा. चित्र अडखळायला लागलं तर आधी टेरेनचा, म्हणजे जमिनीच्या चित्राचा, तपशील कमी करा, मग कॉकपिटातल्या स्क्रीनचा रिफ्रेश रेट. ग्राफिक्स कार्ड बदलायचा विचार त्यानंतर. तुमच्यासारखाच प्रश्न पडलेल्या एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरवाल्यांनी झिबोचं ७३७ बघावं, तेही फुकट आहे.

राहिला योक. ए३२०ला तो नसतोच, आणि पुढे ७३७ घेतलंत तरी जॉयस्टिकवर भागतं. तुमची जॉयस्टिक पिळून रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, फिरत असेल तर पेडलांचाही खर्च लगेच नको. फक्त त्या पिळायच्या अक्षाला सेटिंगमध्ये थोडा डेडझोन, म्हणजे मध्यावर जरा हललं तरी परिणाम न होणारी जागा, द्या. स्वस्त जॉयस्टिक मध्यावर नीट थांबत नाहीत, आणि मग धावपट्टीवर विमान एका बाजूला ओढत राहतं.