इन्स्टॉलरचा मेनू लिहिताना

गड्या, लिनक्स इन्स्टॉल करणाऱ्या स्क्रिप्टचा मेनू लिहितोयस, तर रंगरंगोटीत अडकू नको, व्हिपटेल (टर्मिनलमध्ये साधे मेनू आणि प्रश्न दाखवणारं टूल) पुरेसं आहे. खरा जीव डिस्क निवडायच्या स्क्रीनमध्ये. तिथं नुसतं 'एसडीए' (लिनक्सनं डिस्कला दिलेलं नाव) दाखवलंस तर परभणीच्या लॅबमधलं पोरगं पेनड्राइव्ह समजून कॉलेजचीच डिस्क पुसेल. मॉडेल आणि आकार दोन्ही दाखव. फॉरमॅटच्या प्रश्नाला डिफॉल्ट 'नाही'.

सगळे प्रश्न आधी विचारून घे. शेवटच्या 'हो'पर्यंत डिस्कवर काहीच लिहायचं नाही. आपल्याकडं लाइटीचा काय भरवसा. प्रश्नोत्तरांत गेली तरी जुना डेटा शाबूत.

व्हिपटेल बंद होताना स्क्रिप्टला एक आकडा (एक्झिट कोड) परत देतं: 'रद्द'ला 1, एस्केपला 255. दोन्ही तपास, नाहीतर रिकाम्या उत्तरावर स्क्रिप्ट सुसाट सुटते. मशीन सुरू करणारं फर्मवेअर नवं यूईएफआय आहे की जुनं बायोस, हे मात्र वापरणाऱ्याला विचारू नको बाबा, स्क्रिप्टलाच ओळखू दे.