सोल्यूशन आर्किटेक्चर: आधी आकडे, मग आकृती

तुम्ही लिहिले आहे की आठ वर्षे डेव्हलपर म्हणून काम केल्यानंतर आता आर्किटेक्टची, म्हणजे वेगवेगळ्या प्रणाली मिळून कसे काम करतील हे ठरवणाऱ्याची, जबाबदारी आली आहे आणि विक्रेत्यांचे ऑर्डर पोर्टल, ईआरपी (कंपनीचे हिशेब, साठा आणि विक्री एकत्र सांभाळणारी प्रणाली) व गोदामाची प्रणाली यांना जोडणारे सोल्यूशन उभे करायचे आहे. टोगॅफ (संस्थेच्या प्रणालींची रचना आखण्याची एक ठरलेली पद्धत) शिकावे का, कोणती आकृती आधी काढावी आणि मायक्रोसर्व्हिसेस (एका मोठ्या अॅप्लिकेशनऐवजी स्वतंत्रपणे चालणाऱ्या छोट्या सेवा) घ्याव्यात का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. तिन्हींची उत्तरे देतो, पण त्याआधीच्या कामाबद्दल लिहिणे मला जास्त गरजेचे वाटते, कारण बहुतेक डिझाइने तिथेच फसताना मी पाहिली आहेत.

व्यवसायाकडून पहिली मागणी येते ती ‘सिस्टिम फास्ट हवी, चोवीस तास चालू हवी’ अशी. तिचे आकडे करून घेणे हे आर्किटेक्टचे पहिले काम. समजा, दिवसाला १२,००० ऑर्डरी येतात. आठ तासांत सारख्या वाटल्या तर मिनिटाला २५ होतात. पण महिनाअखेरीला त्यातल्या निम्म्या शेवटच्या एका तासात आल्या, तर मिनिटाला १०० होतात, आणि डिझाइन या १०० साठी करायचे असते. उपलब्धतेचेही तसेच आहे. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला सुमारे पावणेनऊ तास बंद, तर ९९.९९ टक्के म्हणजे साधारण ५३ मिनिटे. एकच ऑर्डर ९९.९ टक्क्यांच्या तीन प्रणालींमधून एकामागून एक, प्रत्येकीच्या उत्तराची वाट पाहत जात असेल, तर एकूण उपलब्धता ९९.७ टक्क्यांवर येते, म्हणजे वर्षाला २६ तास बंद. हा हिशेब समोर ठेवला की मधे क्यू, म्हणजे संदेश धरून ठेवून सवडीने पुढे देणारी रांग, हवी की नको, यावरचा वाद बराच लवकर मिटतो. आरटीओ (प्रणाली किती वेळात पुन्हा चालू व्हावी) आणि आरपीओ (किती वेळाचा डेटा गेला तर चालेल) हे शब्द बैठकीत वापरू नका. त्याऐवजी ‘प्रणाली बंद पडली तर किती वेळ कागदावर काम चालवता येईल, आणि शेवटच्या किती मिनिटांच्या ऑर्डरी फोन करून पुन्हा विचारणे परवडेल?’ असे विचारा. गोदामप्रमुख आणि वित्तप्रमुख वेगवेगळी उत्तरे देतील. दोघांना एकत्र बसवून एक उत्तर लेखी घ्या.

यानंतर सर्वाधिक वेळ दोन प्रणाली जिथे जोडल्या जातात त्या सांध्यांवर द्या. मी काम केलेल्या एका वितरण कंपनीत पोर्टल थेट ईआरपीला हाक मारून ३० सेकंद थांबत असे. महिनाअखेरीच्या एका संध्याकाळी ईआरपीला ४० सेकंद लागू लागले. पोर्टलने ऑर्डर गेली नाही असे समजून ती पुन्हा पाठवली, ईआरपीने मात्र पहिलीही नोंदवली होती. एकाच विक्रेत्याची तीच ऑर्डर तीनदा उतरली आणि गोदामात माल बांधूनही झाला. दोन्ही प्रणाली आपापल्या तपशीलाप्रमाणे बरोबरच चालल्या होत्या. चूक आकृतीत या दोन प्रणाली जोडणाऱ्या एका बाणात होती आणि तो बाण मीच काढला होता. नंतर आम्ही विक्रेत्याने बटण दाबताच पोर्टलवर एक अद्वितीय क्रमांक तयार होईल, कितीही वेळा पाठवले तरी तोच क्रमांक जाईल आणि ईआरपी नोंद करण्यापूर्वी तो तपासेल, अशी व्यवस्था केली, आणि मधे क्यू बसवली. ते काम थोडक्यात उरकले. वेळ गेला तो विक्री विभागाशी बोलण्यात, कारण आता पडद्यावर ‘ऑर्डर निश्चित’ऐवजी ‘ऑर्डर मिळाली, पुष्टी थोड्या वेळात’ असे दिसणार होते, आणि हा बदल तांत्रिक नसून व्यवसायाचा होता.

म्हणून प्रत्येक बाणाला विचारा: टाइमआउट किती (म्हणजे उत्तराची वाट किती वेळ पाहायची), पुन्हा किती वेळा पाठवायचे, दुबार आले तर काय, अडकलेले संदेश कोण पाहणार आणि रात्री फोन कोणाला जाणार. विक्रेत्याची उधारीची मर्यादा तिन्ही प्रणालींत असेल, तर मूळ नोंद कोणती हेही आत्ताच ठरवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग, म्हणजे प्रणालीतील घडामोडींच्या नोंदी, १८० दिवस ठेवावे लागतात आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. त्याची जागा आणि खर्च सुरुवातीलाच धरा.

घेतलेला प्रत्येक मोठा निर्णय एका पानात लिहा. सॉफ्टवेअर आर्किटेक्ट मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये मांडलेला साधा नमुना पुरतो: पार्श्वभूमी, निर्णय, त्याची स्थिती आणि परिणाम. त्यात नाकारलेले पर्याय मी आवर्जून घालतो, कारण दोन वर्षांनी आलेला सहकारी नेमका तोच पर्याय नव्याने सुचवतो आणि तेव्हा त्याला खरे कारण मिळायला हवे.

मायक्रोसर्व्हिसेसचे उत्तर तुमच्या टीमच्या रचनेत आहे. संस्थेतील संवादाची रचना तिच्या प्रणालीत उतरते, हे संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच लिहिले होते. सहा जणांची एकच टीम असेल, तर आतून नीट विभागलेले एकच अॅप्लिकेशन घ्या. जुनी ईआरपी बदलायची असेल, तर दुसऱ्या झाडावर रुजलेला वड जसा हळूहळू त्याची जागा घेतो, तसे एकेक काम बाहेर काढा; सॉफ्टवेअर लेखक मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये या पद्धतीला अशाच झाडाचे नाव दिले.

आकृत्यांसाठी सायमन ब्राउन यांच्या सी-फोर मॉडेलच्या (प्रणाली चार पातळ्यांवर दाखवण्याच्या पद्धतीच्या) पहिल्या दोन पातळ्या, म्हणजे संदर्भ (प्रणाली आणि तिच्याभोवतीचे वापरकर्ते व इतर प्रणाली) आणि कंटेनर (प्रणालीतले अॅप्लिकेशन, डेटाबेस असे स्वतंत्र चालणारे भाग), तुम्हाला पुरतील. टोगॅफची पहिली आवृत्ती १९९५ मध्ये आली आणि ते ओपन ग्रुप ही संस्था सांभाळते. अनेक विभाग आणि शेकडो अॅप्लिकेशन्स असलेल्या संस्थेत एकच शब्दसंग्रह हवा असतो, तिथे ते उपयोगी पडते. तुमच्या तीन प्रणालींसाठी ते आत्ता लागणार नाही. हा प्रकल्प चालू होऊन एक महिनाअखेर पार पडली की शिकायला घ्या.