प्रेरित, बेतलेलं की उचललेलं? ‘चार्ली म्हणे’विषयी थोडं

प्रश्न असा आला आहे: ‘द प्रॉडिजी’ या ब्रिटिश गटाच्या 1991 मधल्या ‘चार्ली’ या गाण्यात टीव्हीवरच्या एका जुन्या सरकारी जाहिरातीतला आवाज आहे. मराठीत त्याबद्दल लिहिताना ‘जाहिरातीवरून प्रेरित गाणं’ म्हटलं तर चालेल का? अशा जाहिरातींना नेमकं काय म्हणायचं? आणि गाण्यात सारखं येणाऱ्या ‘चार्ली सेज’चं मराठी काय करायचं?

‘प्रेरित’ टाळावा. एक तर मराठीत या शब्दाला तृतीया लागते: सूडबुद्धीने प्रेरित, राजकीय हेतूने प्रेरित. प्रेरित होतो तो माणूस, फार तर त्याची कृती. ‘वरून प्रेरित’ ही हिंदीतल्या ‘से प्रेरित’ची अर्धवट मराठी आवृत्ती आहे. त्याहून मोठी अडचण म्हणजे घेतलं काय, हे या शब्दातून कळतच नाही. कल्पना घेतली, मजकूर घेतला की ध्वनीच घेतला? हिंदी सिनेसंगीताने तर अख्खी चाल आणून ती ‘प्रेरित’च्या पांघरुणाखाली सरकवलेली आहे. आपल्याकडे यासाठी वेगवेगळी क्रियापदं आहेत. गाणं एखाद्या गोष्टीवरून सुचतं, एखाद्या गोष्टीवर बेतलं जातं, किंवा त्यातला भाग सरळ उचललेला असतो. ‘बेतणं’ हा मूळचा शिंप्याचा शब्द, मापावर कापड कापण्याचा. म्हणून ‘बेतलेलं’ म्हणताना मूळ माप समोर होतं आणि त्यावरून नवं कापलं, एवढं गृहीत असतं. उसनवारी नोंदवण्याची पद्धतही आपल्याला नवी नाही. किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’पासून संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून मूळ गाण्याचे शब्द छापलेले दिसतात. त्यात लपवाछपवी नव्हती.

आता त्या जाहिराती. ब्रिटनमध्ये 1946 साली सेंट्रल ऑफिस ऑफ इन्फर्मेशन हे सरकारी प्रसिद्धी खातं सुरू झालं. या खात्याने करून घेतलेल्या छोट्या फिल्म्स बीबीसी आणि आयटीव्ही या वाहिन्या दोन कार्यक्रमांमधल्या रिकाम्या वेळेत दाखवत. त्या वेळेचे पैसे सरकारला द्यावे लागत नसत. रिकामी जागा भरणाऱ्या, म्हणून धंद्यातल्या लोकांचा शब्द होता ‘फिलर’. लांबी काही सेकंदांपासून दोन-तीन मिनिटांपर्यंत, आणि विषय रस्ता ओलांडण्यापासून तळ्यात बुडण्यापर्यंत. चार्लीची मालिका 1973 ची. ती रिचर्ड टेलर कार्टून्स या संस्थेने कागदी कापकामाच्या ॲनिमेशनमध्ये केली होती. टोनी नावाचा लहान मुलगा आणि त्याचा तांबूस बोका चार्ली ही त्यातली दोन पात्रं. अनोळखी माणसाबरोबर जाऊ नका, काड्यापेटीला हात लावू नका, पाण्याच्या काठाशी जपून राहा, असे धडे. बोका नुसता म्याव-म्याव करतो (तो आवाज रेडिओवरचा लोकप्रिय निवेदक केनी एव्हरेट याचा) आणि टोनी त्याचा अर्थ लावून सांगतो: चार्ली म्हणतो, कुठंही जायच्या आधी आईला सांगायचं.

याला ‘जनहितार्थ जाहिरात’ म्हणणं चूक नाही. जाहिरात म्हटलं की आज विक्री आठवते, पण नोकरभरतीची सुद्धा जाहिरातच असते आणि तिथे कुणी काही विकत नाही. तरी ‘बोधपट’ जास्त नेमका वाटतो. फिल्म्स डिव्हिजनमुळे रूढ झालेला ‘अनुबोधपट’ इथे बसत नाही, कारण त्यातून डोळ्यांसमोर येतो तो दहा-वीस मिनिटांचा माहितीपट. दूरदर्शनवर 15 ऑगस्ट 1988 ला पहिल्यांदा लागलेलं, भीमसेन जोशींच्या भैरवीतल्या आवाजाने सुरू होणारं ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ हे उदाहरणही या चर्चेत देऊ नये. तिथे गाणं हाच जनहिताचा संदेश होता. संदेशातून पुढे वेगळं गाणं निघालं, अशी ती गोष्ट नाही.

क्रियापदांमधला फरक एकाच घरातल्या फिल्म्सवर पाहता येतो. रिचर्ड टेलर कार्टून्सनेच 1970 च्या दशकात ब्रिटिश सरकारसाठी ‘प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह’ ही 20 छोट्या फिल्म्सची मालिका केली. अणुहल्ल्याच्या वेळी घरात आडोसा कसा उभारायचा, पाणी किती साठवायचं, घरात कुणी मेलं तर काय करायचं, हे त्यात सांगितलं होतं. हल्ला अटळ दिसू लागला तरच दाखवायच्या म्हणून त्या कपाटात ठेवल्या होत्या. मार्च 1980 मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ कार्यक्रमाने त्यातला काही भाग दाखवला आणि लोकांना त्या कळल्या. त्याच वर्षी पुस्तिकाही 50 पेन्सला विक्रीला आली. जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक गटाने 1980 मधल्या आपल्या अल्बमात त्याच नावाचं गाणं केलं. ध्वनी त्यांचा स्वतःचा आणि शब्दही त्यांचे. हे गाणं त्या मोहिमेवरून ‘सुचलं’, असं बेलाशक लिहावं.

‘फ्रँकी गोज टू हॉलीवूड’ या ब्रिटिश गटाचं ‘टू ट्राइब्ज’ (1984) वेगळं आहे. हे गाणं ब्रिटनमध्ये विक्रीच्या यादीत सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. ‘प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह’च्या मूळ फिल्म्सचा निवेदक पॅट्रिक ॲलन यालाच निर्माता ट्रेव्हर हॉर्नने स्टुडिओत बोलावलं आणि त्याच कोरड्या सरकारी सुरात, मूळ मजकुराच्या धाटणीची वाक्यं नव्याने म्हणून घेतली. जुन्या फिल्मचा ध्वनिपट इथे वापरलेला नाही. आवाज तोच, बोलण्याची ढब तीच, ध्वनिमुद्रण मात्र नवं. त्या निवेदनाला ‘बेतलेलं’ हा शब्द चपखल बसतो. हा फरक कागदोपत्रीही महत्त्वाचा आहे, कारण ध्वनिमुद्रणाचा हक्क आणि मजकुराचा हक्क हे दोन स्वतंत्र हक्क असतात. नव्याने म्हणून घेतलं की पहिल्याचा प्रश्न उरत नाही. दुसऱ्याचा उरू शकतो.

‘चार्ली’त मात्र सरळ उचल आहे. ‘द प्रॉडिजी’चा संगीतकार, एसेक्समधल्या ब्रेनट्रीच्या लियम हाउलेटने टोनीचं वाक्य आणि बोक्याची म्याव मूळ फिल्ममधून घेतली. ऑगस्ट 1991 मध्ये सिंगल (सुटं विकलं जाणारं गाणं) निघालं आणि ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. हाउलेट तेव्हा रोलँड कंपनीचं डब्ल्यू-30 वापरत असे. कीबोर्ड, सॅम्पलर (ध्वनीचा तुकडा साठवून वाजवणारं यंत्र) आणि सीक्वेन्सर (सुरांचा क्रम लावून ठेवणारं यंत्र) एकाच खोक्यात, 12 बिट, आवाजाच्या सेकंदाला 30,000 किंवा 15,000 नोंदी. कमी वेग निवडला तर तेवढ्याच मेमरीत दुप्पट सेकंद मावतात, पण साडेसात किलोहर्ट्‌झच्या वरचं सगळं जातं. बोलण्यात त्याचा पहिला फटका ‘स’ला बसतो, तो बोथट होतो. ‘सेज’ हा शब्दच जिथे कणा आहे तिथे हे परवडत नाही.

दुसरी भानगड लयीची. त्या काळच्या सॅम्पलरवर सूर आणि वेग एकमेकांना बांधलेले असत. एक सेमीटोन (अर्धा स्वर) वर गेलं की तुकडा सुमारे 6 टक्के वेगाने पळतो, आणि सप्तकभर वर गेलं की दुप्पट. समजा, वाक्य 2 सेकंदांचं आहे आणि गाण्याची लय मिनिटाला 130 ठोक्यांची. चार ठोक्यांचं एक आवर्तन होतं 1.85 सेकंदांचं. एक सेमीटोन चढवलं तर वाक्य 1.89 सेकंदांचं होतं, दोन चढवले तर 1.78 चं. नेमकं बसवायला सुमारे 1.4 सेमीटोन लागतात, म्हणजे बारीक ट्यूनिंग करावं लागतं. बोलण्याला ठरलेला सूर नसल्यामुळे हे खपून जातं. म्यावमध्ये सूर असतो, म्हणून ती बाकीच्या वाद्यांशी जुळवून घ्यावी लागते, नाहीतर बेसूर लागते. वाक्य ताणून-आवळूनही जमलं नाही, तर तुकडे करून वेगवेगळ्या पट्ट्यांवर ठेवायचे आणि पहिलं अक्षर ठोक्यावर पाडायचं. शेपूट थोडं पुढे लोंबलं तर कान माफ करतो, सुरुवात चुकली तर करत नाही. बोधपटातला आवाज या कामाला सोयीचा असतो, कारण वाक्यं छोटी, उच्चार स्वच्छ आणि दोन वाक्यांमध्ये श्वासापुरती जागा. मात्र निवेदनाखाली मूळ संगीत वाजत असेल तर तुकडा कापून घेतल्यावर त्याची लय नव्या लयीशी भांडते, आणि ते फिल्टरने पूर्णपणे निघत नाही.

ध्वनीचा तुकडा असा उचलण्याला इंग्रजीत ‘सॅम्पलिंग’ म्हणतात; त्याला मराठीत ‘नमुना घेणं’ म्हणू नये. नमुना कापडाचा असतो, पाण्याचा असतो, आणि ‘काय नमुना आहे!’ म्हणताना माणसाचाही असतो. स्टुडिओत सगळे सॅम्पलच म्हणतात. तेच लिहावं. वाक्यात क्रियापद हवं असेल तर ‘उचलणं’ आहेच. त्याला चोरीची छटा आहे खरी, पण ‘सॅम्पल म्हणून उचललेलं’ असं लिहिलं की ती बरीच सौम्य होते.

आता ‘चार्ली सेज’. ‘चार्ली म्हणतो’ हे सरळ भाषांतर टोनीच्या तोंडी ठीक आहे. गाण्याबद्दल लिहिताना मात्र ‘चार्ली म्हणे’ करून पाहा. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ ऐकून तयार झालेल्या कानाला त्यात उपदेशाचा अधिकार लगेच कळतो. शिवाय रोजच्या बोलण्यात ‘म्हणे’ हा ऐकीव, जरा अविश्वासाचा शब्दही आहे: तो म्हणे उद्या येणार. रेव्हमध्ये, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या नाचाच्या पार्ट्यांत, नाचणारी विशी-बाविशीची पोरं लहानपणी ऐकलेला उपदेश पुन्हा ऐकत होती ती नेमकी याच दोन छटांच्या मध्ये. त्यात ब्रिटिश बोलीत चार्ली म्हणजे कोकेन, हा तिसरा अर्थ होताच. तो मराठीत आणता येत नाही, तळटीप द्यावी लागते.

‘चार्ली’ गाण्याच्या यशामागून मुलांच्या टीव्हीवरच्या ध्वनींची रीघ लागली. 1992 मध्ये स्मार्ट ईज या गटाने ‘सेसमी स्ट्रीट’च्या शीर्षकगीतावरून केलेलं गाणं दुसऱ्या क्रमांकावर, तर अर्बन हाइपचं ‘ट्रम्प्टन’वरचं सहाव्या क्रमांकावर गेलं. या प्रकाराला ‘टॉयटाउन टेक्नो’ (खेळण्यांच्या गावातलं टेक्नो) असं हिणवणारं नाव पडलं, आणि ‘मिक्समॅग’ मासिकाने तर ‘चार्ली’नेच रेव्ह मारला का, असा सवाल केला. ही दोन्ही उदाहरणं बोधपटांची नाहीत, मुलांच्या कार्यक्रमांची आहेत. एका दमात सगळ्यांना ‘जाहिरातींवरची गाणी’ म्हणू नये.

नाव लिहिताना आणखी एक सावधगिरी. इंग्रजीत बोक्याच्या नावात शेवटी ई आणि वाय आहेत, गाण्याच्या नावात नुसता वाय. देवनागरीत दोन्ही ‘चार्ली’च होतात, त्यामुळे ‘चार्ली बोका’ आणि ‘चार्ली हे गाणं’ असं प्रत्येक वेळी स्पष्ट करावं. आणि 1992 च्या ‘एक्स्पीरियन्स’ अल्बमात आहे ती सिंगलची नव्हे, तर ‘ट्रिप इन्टू ड्रम अँड बेस’ नावाची निराळी आवृत्ती. सॅम्पल कुठे आणि किती वेळा येतं हे लिहायचं असेल तर कोणती आवृत्ती ऐकली ते आधी नोंदवा.