पाय प्लास्टरमध्ये, काटा वर

प्रश्न: पोटाचं बायपास ऑपरेशन करून वजन उतरवलेलं, आता स्कूटरवरून पडून घोटा मोडलाय, घरात बसून वजन परत चढतंय. जेवण कमी करू का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर: नको हो ताई, हाड जुळायला प्रोटीन लागतं, दिवसाला 60 ग्रॅम तरी, म्हणून ताटात आधी बांगडा नाहीतर अंडं, मग जागा उरली तर शीत. खरा घोळ संध्याकाळच्या चहा-पावात नि फरसाणात असतो, ते थोडंथोडं सहज सरकतं आणि पोट भरल्यासारखंच वाटत नाही. बसल्याबसल्या हातांचे व्यायाम फिजिओला विचारून सुरू करा. आणि हो, दुखतंय म्हणून फार्मसीतून परस्पर आयबुप्रोफेन आणू नका, बायपासनंतर त्यानं अल्सर होऊ शकतो, पॅरासिटामॉलचं डॉक्टरांना विचारा. कॅल्शियम, बी12च्या गोळ्या सोडल्या असतील तर तेही सांगून टाका.