'करायलोय' म्हणजे 'करून राहिलो' नव्हे

प्रश्न असा आलाय की एका मालिकेतलं लातूरचं पात्र "मी काम करून राहिलो जी" म्हणतं, पण विचारणाऱ्यांचा ऑफिसातला लातूरचा मित्र "करायलोय" म्हणतो, तर बरोबर कोणतं, आणि "करायलोय" हे 'करतोय'चं बिघडलेलं रूप आहे का?

मित्र बरोबर आहे. "करून राहिलो" वऱ्हाड-नागपूरकडचं. आपल्याकडं मराठवाड्यात सिल्लोड-भोकरदनच्या अंगाला "करू राहिला" ऐकू येतं, पण लातूर, धाराशिव, नांदेडात नाही. मालिकावाल्यांना मात्र पुण्याच्या पलीकडं सगळं एकच गाव वाटतं, कोल्हापूरचं "लई", नागपूरचं "राहिलो" आणि कुठलंही "जी" एकत्र केलं की झाला मराठवाडा, आणि ते तोंडी द्यायचं कुणाच्या, तर गड्याच्या नाहीतर गुंडाच्या. त्याच घरातला शिकलेला पोरगा मात्र पुस्तकातलं बोलणार! आमची आई उदगीरची, असलं पात्र आलं की विचारते, "ह्यो कुठला हाय रं?"

आता मूळ मुद्दा. बोलींवर लिहिणारे काही जण "करायलोय"ची फोड 'करायला + आहे' अशी करतात, ती साफ चूक आहे. 'घराला', 'बाईला' यातला 'ला' कधी बदलतो का? इथं बघा, मी करायलोय, आई करायलीय, पोरं करायलेत, नळाला पाणी यायलंय, तुम्ही काय करायलाव? लिंग, वचन, पुरुष, सगळ्यांप्रमाणं बदलतंय, म्हणजे तो प्रत्यय नाही, तिथं एक अख्खं क्रियापद दडलंय. कोणतं? 'लागणे'! नांदेड-परभणीकडं अजून "काय करू लागला रे?" म्हणतात आणि अर्थ 'काय करतोयस' एवढाच असतो, सुरुवात केली असा नाही. तेच जरा पुढं "करूलालो" होतं. लातूरकडं 'करायला लागलोय'चं "करायलालोय", आणि दोन 'ला' शेजारी आले की जीभ एक गाळते, जसं नाक-कटाचं 'नकटा' झालं, तसं "करायलोय". या सगळ्या पायऱ्या आजही जिवंत आहेत, नुसतं एसटीत बसून कान उघडे ठेवले तरी ऐकू येतात.

दुसरे लोक म्हणतात मराठवाडा निजामाच्या राज्यात 1948 पर्यंत होता म्हणून उर्दूनं इथली मराठी बिघडली. अहो, कचेरीतले शब्द आले असतील, पण उर्दूत चालू क्रियेला 'रहा' लागतो, हैदराबादेत "कर रा हूं" म्हणतात. उर्दूचा परिणाम असता तर लातूरकर "राहिलो" म्हणाला असता की! तो नेमकं तेच म्हणत नाही.

आणि हा 'लाग' आला कुठून? संस्कृतात लग् म्हणजे चिकटणं, त्याचं 'लग्न' म्हणजे चिकटलेलं, संलग्न मधलं. प्राकृतात लग्ग, मग मराठीत लाग, जसं सप्त-सत्त-सात, हस्त-हत्थ-हात. ज्योतिषात पूर्व क्षितिजाला टेकलेली रास ते लग्न, त्यावरून मुहूर्ताची घटका, आणि तिच्यावरून आपलं लगीन. हे मला एकदा लग्नाच्या मांडवातच लख्ख दिसलं, मंगलाष्टकं चालू होती, अक्षता वाटून झाल्या होत्या आणि चुलते बाहेर चहा पीत उभ्या असलेल्या पाहुण्यांना ओरडले, "चला चला, लगीन लागायलंय!" दोनच शब्द आणि लग् तीनदा! 'लगीन'मध्ये एकदा, 'लागाय'मध्ये एकदा आणि 'लंय'मध्ये तिसऱ्यांदा, तिन्ही वेळा वेगळं काम करत. "लग्न लागतंय" म्हटलं की तिसरा गेला. हातातल्या अक्षता तशाच, मी तिथंच मोजत बसलो.

तेव्हा मित्राला सुधारू नका. आणि मालिका लिहिणाऱ्या कुणी हे वाचलंच तर लातूरच्या वकिलीणबाईंना, डॉक्टरांनाही "यायलेय", "बघायलोय" बोलू द्या, आमच्याकडचे वकील-डॉक्टर घरी असंच बोलतात. शिवाय "काही कळना गेलंय", म्हणजे 'काही कळेनासं झालंय', हे तर एकाही मालिकेत मी अजून ऐकलं नाही, त्यातला 'गेलंय' कुठून आला हा वेगळाच मोठा विषय आहे, कुणी विचारलं तर लिहितो.