सुनेचा जन्म मस्कतचा आहे, हे एजंटने विचारलं का?

प्रश्न : ताई, मुलाला ई-मेल आलाय की अमेरिकेच्या ग्रीन कार्ड लॉटरीत त्याची निवड झाली, तीन दिवसांत 880 डॉलर पाठवा. ओळखीचा एजंट म्हणतो, त्यानेच मुलाचं नाव टाकलं होतं. मुलगा मिरजेत जन्मला. सुनेचा जन्म मस्कतचा, तिचे वडील तेव्हा तिथे नोकरीला होते. दोघंही भारतीय नागरिक. नातू दोन वर्षांचा आहे. पैसे भरू का?
– एक आई, मिरज

उत्तर : नाही. एक रुपयाही पाठवू नका.

पासपोर्ट-व्हिसाचे फॉर्म भरण्यात माझी 22 वर्षं गेली. असल्या ई-मेलपायी मुलीच्या लग्नाची एफडी मोडून बसलेले आईवडील मी समोर पाहिलेत, म्हणून आधी हे सांगते. निवड झाल्याचं अमेरिकी सरकार ई-मेलने कळवत नाही. अर्ज भरताना मिळालेला कन्फर्मेशन नंबर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर टाकून निकाल आपणच बघायचा असतो. व्हिसाची फी मुलाखतीच्या वेळी वकिलातीत भरतात, कुणाच्या खात्यात नाही. एजंटकडे तो नंबर मागा. टाळाटाळ केली, तर अर्ज भरलाच नाही असं समजा.

आता सुनेबद्दल, कारण तुमच्या पत्रातली खरी मोलाची गोष्ट तीच आहे. मागच्या पाच वर्षांत ज्या देशातून 50,000 हून जास्त लोक कुटुंबाच्या किंवा नोकरीच्या आधारावर कायमचे अमेरिकेत गेले, तो देश या लॉटरीतून वगळतात. म्हणून भारत यात नसतो. पण इथे पासपोर्ट कुठला हे बघत नाहीत, जन्म कुठला ते बघतात. ओमान त्या वगळलेल्या देशांत नाही. त्यामुळे सूनबाई स्वतःच्या नावाने अर्ज करू शकते. बारावी झालेली असली की शिक्षणाची अट पुरी होते.

मुलगाही बायकोच्या जन्मदेशावर वेगळा अर्ज करू शकतो. मात्र मग व्हिसा दोघांनाही मिळायला हवा आणि अमेरिकेत पाऊल एकत्रच ठेवायला हवं. दोन्ही अर्जांत एकमेकांचं नाव हवं आणि नातवाचंही. बायको किंवा मूल लिहायचं राहिलं, तर पुढे मुलाखतीत सगळंच बाद होतं. एकाच माणसाचे दोन अर्ज गेले, तरी तो बाद. म्हणून एजंटने खरंच काही भरलं होतं का, हे त्याच्याकडून लेखी घ्या.

अर्ज सध्या घेतात का आणि तारखा काय, हे त्याच सरकारी संकेतस्थळावर बघा. आणि सूनबाईंचा मस्कतचा जन्मदाखला घरात आहे ना, ते आजच शोधा. नसेल तर तो मिळवायलाच सगळ्यात जास्त वेळ लागेल.